भजं, पिवळा कागद आणि तळघरातला फ्रिज

शेजारच्या आजी मे महिन्यात वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांचं घर रिकामं करायला आलेल्या मुलाने आमच्या दाराशी येऊन विचारलं की हे कासवाचं एक पिल्लू राहिलंय, तुम्ही ठेवाल का. आम्ही स्टुटगार्टच्या जवळ एका छोट्या गावात राहतो, मागे अंगणाचा बऱ्यापैकी तुकडा आहे, आणि माझी लेक गेली दोन वर्षं आजींच्या बागेतल्या कासवांना पाला घालायला जात होती त्यामुळे तिने माझ्या आधीच हो म्हणून टाकलेलं. मोठी कासवं आजींच्या ओळखीच्या एका बाईंकडे गेली, त्यांच्याकडे मोठी बाग आणि काचघर आहे. हे एकच राहिलं होतं कारण याचा कागद सापडत नव्हता.

आता कासवाचा कागद म्हणजे काय हे इथे न राहिलेल्यांना सांगायला हवं. युरोपात भूमध्य समुद्राच्या बाजूची जी जमिनीवरची कासवं आहेत ती कायद्याने कडक संरक्षित आहेत, युरोपियन युनियनच्या यादीत सगळ्यात वरच्या वर्गात. घरात जन्मलेलं पिल्लू ठेवता येतं, देता येतं, विकताही येतं पण त्याच्याबरोबर सरकारी प्रमाणपत्र पाहिजे, पिवळ्या रंगाचा कागद असतो, त्यावर जात, जन्मसाल, जन्म देणाऱ्याचं नाव, आणि सोबत फोटो. शिवाय घरात आणल्यावर जिल्ह्याच्या निसर्ग संरक्षण खात्यात नोंद करायची, दुसऱ्याला दिलं की तसं कळवायचं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की आपल्या व्हिसाला लागले नाहीत एवढे कागद या चोवीस ग्रॅमच्या जीवाला लागतायत. चोवीस ग्रॅम खरंच, आम्ही वजन केलं.

लेकीने नाव ठेवलं भजं. पिवळट, वर काळे करपलेले डाग, गोल आणि जरा वेडंवाकडं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आजींच्या मुलाने एक जाडजूड फाइल दिली आणि म्हणाला यातलाच कुठला तरी असेल बघा, आईला आता नीट आठवत नाही. फाइलमधे तीस-पस्तीस वर्षांचे कागद. आजींकडे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या जाती होत्या, काही मेलेल्या, काही दिलेल्या, आणि शेवटच्या खणात अलीकडच्या पिल्लांचे कागद. म्हणजे आधी हे ठरवायचं की हे आहे कोण, आणि मग त्यातला याचा कागद कुठला.

मी इंजिनियर बाई, मला असलं काम आवडतं. डायनिंग टेबलवर ग्राफ पेपर पसरला, खिडकीचा उजेड, भिंग, आणि नवऱ्याला सांगितलं तू फक्त हलू देऊ नकोस.

पहिलं म्हणजे पुढच्या पायाची नखं मोजायची. मध्य आशियातलं जे कासव असतं, स्टेपीचं, ज्याला इथे रशियन किंवा चार बोटांचं म्हणतात, त्याला पुढच्या पायाला चारच नखं. बाकीच्यांना सहसा पाच. हे सांगायला सोपं आहे, करायला नाही, कारण भजं पाय आत ओढून घेतं आणि नखं म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. कोमट पाण्याच्या बशीत ठेवलं की ते पाय लांब करतं हे लेकीला माहिती होतं, आजींनी दाखवलेलं. पाच निघाली. स्टेपीवालं बाद.

मग शेपटी आणि मांड्या. मांडीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेक टोकदार मोठा खवला असेल तर ते ग्रीका, म्हणजे लॅटिन नाव टेस्टुडो ग्रीका. आणि गंमत बघा, याला नाव ग्रीक मिळालं पण जर्मन लोक ज्याला ग्रीक कासव म्हणतात ते हे नाहीच, ते हेरमानी. त्यामुळे दुकानात, शेजारी, जाहिरातीत कोणी नुसतं ग्रीक म्हणालं तर त्यावर काही ठरवू नये, लॅटिन नाव विचारावं. हेरमानीच्या मांडीवर काही नसतं, पण शेपटीच्या टोकाला एक कडक नखासारखं टोक असतं. भजंला ते होतं, छोटंसं, बोटाला लागायचं. कवच ज्या तुकड्यांचं बनतं त्यांना पानं म्हणू, तर शेपटीच्या वरचं जे कवचाचं शेवटचं पान असतं ते पण मधोमध दोन भागात होतं, ही हेरमानीची खूण म्हणून सगळे सांगतात, मात्र एकट्या या खुणेवर भरवसा ठेवू नये कारण अखंड पान असलेले हेरमानी निघतात आणि दुभंगलेलं असलेले ग्रीकापण. अजून एक मार्जिनाटा म्हणून जात आहे, मोठेपणी तिच्या कवचाची मागची कड झालरीसारखी पसरते पण पिल्लू असताना ते हेरमानीसारखंच दिसतं. त्याला शेपटीचं टोकही नसतं आणि मांडीवरचा काटाही, आणि पोटावर काळे त्रिकोण असतात. म्हणजे खरं तर एक खूण बघून चालत नाही, चार-पाच खुणा एका बाजूला पडल्या की मग बोलायचं.

आता उलटं करून पोट. हे पटकन करायचं, त्यांना आवडत नाही, आणि बरं पण नाही. हेरमानीमधे दोन उपजाती, इटली-फ्रान्स-स्पेन बाजूची पश्चिमेची आणि ग्रीस-बल्गेरिया वगैरे बाल्कनमधली पूर्वेची, हिचं नाव बोएटगेरी. पश्चिमेच्या कासवाच्या पोटावर दोन सलग काळे पट्टे, आणि डोळ्याखाली बरेचदा पिवळा डाग. पूर्वेच्याला तुटक तुटक काळे डाग. भजंच्या पोटावर सुटे डाग होते, कडा पुसट. गालावर पिवळा डाग नाही. शिवाय छातीच्या दोन पानांमधली शिवण आणि मांडीकडच्या पानांमधली शिवण यांची लांबी बघतात, पश्चिमेच्याची छातीची शिवण आखूड असते, पण पिल्लात हे मिलिमीटरचं काम आहे आणि मला त्यात फार दम वाटला नाही. तर बोएटगेरी. इथल्या घरांमधे सगळ्यात जास्त सापडणारी हीच म्हणा.

शेवटच्या खणात आदल्या वर्षी जन्मलेल्या बोएटगेरीचे चार कागद होते. आणि इथे मला त्या फोटोंचं महत्त्व कळलं. कासवाला चिप बसवतात पण पाचशे ग्रॅमच्या खाली बसवत नाहीत, तोवर ओळख म्हणजे पाठीचा आणि पोटाचा फोटो, खाली ग्राफ पेपर ठेवून वरून सरळ काढलेला. डागांचे रंग वाढताना बदलतात, फिके होतात, पसरतात. शिवणी बदलत नाहीत. पोटाच्या मधून जी उभी शिवण जाते ती आडव्या शिवणींना कुठे भेटते, डावी-उजवी पानं समोरासमोर येतात की वरखाली सरकतात, हे प्रत्येकाचं वेगळं. भजंच्या पोटाच्या मधल्या जोडीत डावीकडची आडवी शिवण उजवीकडच्यापेक्षा वर होती, आणि उभी शिवण तिथे एक छोटा झोका घेऊन परत सरळ जात होती. तीन कागदांवर ती सरळ. चौथ्यावर झोका. लेक ओरडली की सापडलं, नवरा म्हणाला हळू, भजं घाबरेल, आणि भजंने तेवढ्यात ग्राफ पेपरवर शी केली.

खात्याचं काम त्यानंतर सोपं होतं. ईमेल, पिवळा कागद, नवे फोटो, आजींकडून दिल्याची सही आणि आमच्याकडून घेतल्याची. तिथल्या बाई फोनवर फारच छान बोलल्या, त्यांनी एवढंच सांगितलं की लहान आहे तोवर फोटो वेळोवेळी नवीन काढून जोडत जा, नाहीतर पाच वर्षांनी कोणी म्हणेल हे तेच कशावरून.

हे सगळं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं तर पुण्याहून दादाचा फोन. त्याच्या मित्राकडे एक कासव आहे, पाठीवर चांदण्या, कोणीतरी दिलंय, घरात लक्ष्मी येते म्हणून. हे पण तसलंच ना गं, काय घालायचं त्याला? मी म्हटलं दादा, ते तसलं नाही, आणि मित्राला सांग ते घरात ठेवूच नको. चांदणी कासव, स्टार टॉर्टॉइज, हे आपलं रानातलं, गुजरात-राजस्थानकडचं आणि खाली आंध्र-तमिळनाडूचं, श्रीलंकेतलं पण. प्रत्येक पानाच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यातून किरणं निघतात, ते बघितलं की चुकायचं कारण नाही. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळाच गुन्हा, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही ते सगळ्यात कडक यादीत आहे कारण तस्करीत सगळ्यात जास्त सापडणाऱ्या जमिनीवरच्या कासवांपैकी ते एक. दादा म्हणाला मग सोडून येऊ दे का एखाद्या टेकडीवर. तेही नको! ते कुठल्या भागातलं आहे माहीत नाही, आजारी असेल तर तिथल्या बाकी प्राण्यांना लागण. वनखात्याची हेल्पलाइन आहे महाराष्ट्रात, १९२६, तिथे फोन करायचा. मित्राने केला. न्यायला माणसं आली, नाव-पत्ता-कुठून आलं वगैरे विचारलं आणि घेऊन गेली. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या मित्राच्या बायकोने आता पितळेचं कासव आणून पाण्याच्या ताटलीत ठेवलंय, त्याला खायला घालावं लागत नाही हा मोठाच फायदा.

पण दादाच्या प्रश्नामुळे मला एक गोष्ट फार स्पष्ट झाली. चांदणी कासव हिवाळ्यात झोपत नाही. आमच्या भजंला झोपावंच लागतं. एकाची घ्यायची तशी काळजी दुसऱ्याची घेतली तर मारून टाकाल. आपण कासव म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर आणतो, देवळातलं, नंदीच्या पुढचं दगडी, आणि मग विचारतो कासवाला काय घालायचं. कुठल्या कासवाला, हे आधी.

आजींच्या मुलाने एक काचेची टाकी आणि दिवा पण दिला होता, आणि मी बाजारातल्या एका दुकानात विचारायला गेले तर तिथल्या पोराने अजून मोठी टाकी, लाकडाच्या ढलप्यांचा थर, डब्यातलं रंगीत खाद्य, प्लास्टिकचं झाड, आणि गरम होणारा दगड एवढं सगळं काउंटरवर मांडलं. मी काहीच घेतलं नाही. दोन वर्षं आजींची बाग बघत होते ना, त्यांच्याकडे एकही पिल्लू घरात नव्हतं. बोएटगेरीला लागतं ऊन, खरं ऊन, आणि रात्री गार. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्यांना हवा तो अल्ट्राव्हायोलेट बी चा भाग येतच नाही, तो नसेल तर शरीरात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडात आणि कवचात जात नाही, आणि मग कवच मऊ पडतं. दिव्याने काम भागवता येतं, पण अंगण असताना दिवा कशाला.

तर नवऱ्याने वाफा बांधला. लाकडाची चौकट, वर उतरतं झाकण, झाकणाला अल्ट्राव्हायोलेट आत येऊ देणारा दुहेरी प्लास्टिकचा पत्रा, आत एका कोपऱ्यात उष्णतेचा दिवा जो पावसाळी गारठ्याच्या दिवशीच लावायचा. दिव्याखाली पस्तीसच्या आसपास आणि दुसऱ्या कोपऱ्यात बरंच गार, म्हणजे भजंने स्वतः ठरवायचं कुठे बसायचं. झाकण आपोआप उघडणारा एक दांडा मिळतो, आत मेण असतं, गरम झालं की फुगतं आणि झाकण वर ढकलतं, वीज लागत नाही. हा एक भारी प्रकार आहे, उन्हाळ्यात आपण ऑफिसमधे आणि इकडे वाफ्याची भट्टी होते ती भीती गेली. माती बागेतलीच, थोडी वाळू मिसळून, खाली बारीक जाळी, उंदरांसाठी. वर पण जाळी कारण इथले कावळे आणि ते काळे-पांढरे मॅगपाय पक्षी पिल्लू उचलून नेतात, मांजर वेगळंच.

ओलावा. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण सगळे समजतात जमिनीवरचं कासव म्हणजे कोरडं वाळवंट. मोठं कासव कोरड्या उतारावर हिंडेल पण पिल्लं झुडपाच्या बुडाशी, गवताच्या गड्ड्यात, मातीत खुपसून राहतात आणि तिथे दमट असतं. कोरड्या ढलप्यांवर वाढवलेल्या कासवांच्या पाठीवरची पानं उंचवट्यासारखी वर येतात, मग पाठ म्हणजे डोंगररांगच, आणि एकदा झालं की ते सपाट होत नाही. खूप खाल्ल्याने होतं असं म्हणतात, भराभर वाढ हे कारण आहेच, पण कोरडेपणा मोठं कारण. रोज सकाळी वाफ्याच्या एका बाजूला झारीने पाणी घालायचं, मातीचा तो कोपरा कायम दमट. भजं रात्री तिथेच जाऊन पुरून घ्यायचं, सकाळी नाकावर माती घेऊन बाहेर.

जुलैमधे आई आली सांगलीहून तीन महिन्यांसाठी. पहिल्या दिवशी तिने वाफ्याला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी विचारलं की याला खायला काय घालता, मी म्हटलं तण. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण खरंच तण, म्हणजे डँडेलियनची पानं आणि फुलं, ती उभ्या शिरा असलेली लांबट वेगेरिखची पानं, थोडं क्लोव्हर, चिकवीड, तुतीची पानं. तंतू भरपूर, प्रथिनं कमी, कॅल्शियम जास्त. सुपरमार्केटमधला सॅलडचा गड्डा म्हणजे नुसतं पाणी आणि ते पण कधीमधी. फळं नाही, पोटात आंबतात. पाव, डाळ, अंडं, मांजराचं खाणं अजिबात नाही.

आईचं चालू झालं, अगं मेथी घाल की कोवळी, माझ्याकडे आणलेल्या बिया आहेत. मेथी शेंगवर्गातली, रोजचं खाणं म्हणून नको. मग पालक? पालकात ऑक्झॅलिक अॅसिड, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कोबी? रोज नको. आई म्हणाली तुझ्या कासवाला पथ्यं माझ्यापेक्षा जास्त आहेत. मग तिनेच शोधून काढलं, कुंडीतल्या जास्वंदीचं फूल. जास्वंद चालते, फूल पण आणि पान पण, ही भूमध्य भागातल्या कासवांना देणारी माणसं इथेही आहेत. आईला गणपतीला वाहायचं फूल आणि कासवाला घालायचं फूल एकच निघालं याचा एवढा आनंद झाला की तेव्हापासून कुंडीतलं पहिलं फूल गणपतीला आणि दुसरं वाफ्यात, रोज. एकदा मी आत आले तर ती वाफ्याजवळ बसून काकडीची चकती पुढे करत होती, मला बघून म्हणाली उन्हाचं थोडं गार लागतं जिवाला. एखाद्या चकतीने काही होत नाही, मी काही बोलले नाही. भजंनेच ती चाटली, चावली, आणि तशीच टाकून दुसरीकडे निघून गेलं.

पानं कुठून तोडायची यावर एक वाक्य, कुत्री फिरवतात त्या रस्त्याकडेची नकोत आणि फवारणी होते त्या शेताच्या बांधावरची पण नकोत. सेपिया म्हणजे ते माकुलीचं पांढरं हाड, कोकणात समुद्रकाठी पडलेलं असतं, इथे पाळीव पक्ष्यांसाठी विकतात. ते एक कोपऱ्यात ठेवायचं, भजं मनात आलं की खरवडून खातं. पाण्याची उथळ बशी कायम, मातीची, त्यात ते पाय पसरून बसतं आणि त्यातच घाण करतं म्हणून रोज धुवायची, आणि ती स्वयंपाकघराच्या सिंकमधे कधीच नाही, कासवांच्या आतड्यात साल्मोनेला असतात, त्याला काही होत नाही आपल्याला होतं. लेकीला पहिला नियम हाच, हात लावला की साबण.

वजनासाठी आम्ही छोटा काटा घेतला, सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमचा फरक दाखवेल न दाखवेल, आणि चोवीस ग्रॅमच्या प्राण्यात एक ग्रॅम म्हणजे बरंच झालं. दर आठवड्याला वही. उन्हाळा संपताना एक्केचाळीस. हे बरं आहे, फार पण नाही, दुप्पट-तिप्पट वाढलेली पिल्लं बघून लोक खूश होतात पण मला ते बघून पाठीवरचे डोंगर आठवतात. नर की मादी विचारू नका, कळत नाही, निदान दहा सेंटिमीटरचं होईपर्यंत तरी. अंडी किती तापमानाला उबवली त्यावर ठरतं, साडेएकतीस अंशांच्या वर गेली की माद्या जास्त, खाली नर जास्त, आजींना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या की अंडी उबवायचं मशीन कपाटावर होतं आणि कपाट हीटरजवळ. त्यावरून मादी असेल असा आमचा अंदाज.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टर. साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नव्हे, सरपटणाऱ्या प्राण्यांचे. शी डबीत घालून न्यायची, जंत बघतात. थोडे जंत असतातच, जास्त असतील तर औषध, आणि औषध दिलं तर झोपायच्या आधी निदान सहा आठवडे मधे जायला हवेत म्हणून ऑगस्ट. भजंचे कमी होते. डॉक्टरीणबाईंनी अजून एक बजावलं की दुसरं कासव आणायचं झालं तर वेगळ्या जातीचं आणू नका, आणि त्याच जातीचं आणलं तरी आधी बरेच महिने वेगळं ठेवा, हर्पिस विषाणू असतात, एका जातीला काही न होता दुसरीला मारतात. लेकीच्या मनात दुसरं आणायचं होतंच, तिचं तोंड पडलं.

आणि मग फ्रिज.

हे आईला तिकीट काढायच्या आधी सांगायला हवं होतं असं नवरा म्हणतो, मी म्हणते सांगितलं असतं तर ती आलीच नसती. एके दिवशी तिने तळघरात एक जुना फ्रिज बघितला, चालू, आत पाण्याच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर, बाकी रिकामा. हा कशाला? मी म्हटलं भजं हिवाळ्यात इथे झोपणार. ती पायरीवर बसली. जिवंत? फ्रिजमधे? अगं तुला काही वाटतं का! संध्याकाळी तिने मावशीला फोन केला, मला ऐकू येत होतं, काय सांगू तुला, इथे कासव फ्रिजमधे ठेवतात.

तर मावशीला जे समजावलं तेच लिहिते. बाल्कनमधे हिवाळ्यात हे कासव जमिनीत पुरून घेतं आणि तिथे चार-पाच अंश असतं. रक्त गार, अंग बाहेरच्या तापमानाबरोबर खाली येतं, हृदय मिनिटाला मोजके ठोके, खाणं नाही, साठवलेलं अगदी सावकाश वापरतं. आता जर दहा-बारा अंशांत ठेवलं, जे आपल्याला थंड वाटतं, तर ते धड झोपत नाही धड जागत नाही आणि साठा जाळत बसतं. शून्याच्या जवळ गेलं तर डोळे आणि बाकीचं गोठून खराब होतं. म्हणजे चार ते सहा हा टप्पा पाहिजे आणि तो महिनोन्महिने हलता कामा नये. इथले अंगणातले हिवाळे आता भरवशाचे नाहीत, डिसेंबरात पंधरा अंश आणि फेब्रुवारीत उणे बारा, आणि एवढंसं पिल्लू फार खोल खणत नाही. फ्रिजमधे चार ते सहा धरता येतं. जे चांगले पाळणारे आहेत त्यातले कितीतरी जण हेच करतात. उबदार घरात दिव्याखाली जागं ठेवणं हे आपल्याला माया वाटते, पण दरवर्षी तसं केलं की वाढ बिघडते, यकृत-मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पहिल्या हिवाळ्यापासून सवय असलेली पिल्लं व्यवस्थित झोपतात. भजं आजींकडे आधीच एकदा झोपून उठलेलं होतं.

फ्रिज महिनाभर आधी रिकामा चालवून बघायचा. बाटल्या यासाठी की आतलं पाणी थंडावा धरून ठेवतं, दार उघडलं तरी तापमान उडी मारत नाही. आमचा जुना फ्रिज सुरुवातीला रात्री दोनवर जायचा, बटण फिरवत फिरवत पाचवर आणला. आत एक सेन्सर, फोनवर घंटी वाजते.

ऑक्टोबरमधे भजंने स्वतःच खाणं सोडलं. दिवस लहान, रात्री गार, ते उशिरा वर यायचं आणि लवकर आत जायचं, नंतर नंतर वर येईचना. आपण उपाशी ठेवायचं नसतं, ते आपणहून थांबतं, आपण फक्त दिवा बंद ठेवायचा आणि दोनदा-तीनदा कोमट पाण्यात बसवायचं म्हणजे पोट रिकामं होतं आणि पाणी पितं. आई परत जायच्या आधी तिने एकदा त्याला पाण्यात बसलेलं बघितलं, मान खाली घालून घटाघटा पीत होतं, म्हणाली बघ, प्रवासाला निघाल्यासारखं पितंय.

नोव्हेंबरमधे डबा. झाकणाला भोकं, तळाला दमट बागेतली माती, वर बीच नावाच्या झाडाची सुकी पानं, ती कुजत नाहीत लवकर. चाळीस ग्रॅम. माझ्या हातात ते दगडासारखं गार आणि डोळे मिटलेले, पाय ओढून घेतला तेवढंच. आठवड्यातून दोनदा फ्रिज उघडून हवा बदलायची, दोन आठवड्यांनी काट्यावर, पटकन, मग परत. दहा टक्क्यांवर वजन गेलं तर उठवायचं, म्हणजे आमची रेघ छत्तीस. माती कोरडी पडली तर थोडं पाणी, कारण वजन जातं ते मुख्यतः पाण्याचंच. जानेवारीत एका वजनाला एकदम सव्वा ग्रॅम कमी दिसलं आणि मी रात्री डॉक्टरीणबाईंना मेल लिहून बसले, पण बघते तर पानं करकरीत वाळलेली. शिंपडलं, पुढच्या वेळी तेवढंच. पिल्लांना मोठ्यांइतकं लांब झोपवत नाहीत, आम्ही मार्चच्या सुरुवातीला काढलं, एक दिवस तळघराच्या जिन्यात बारा अंशांत, मग वाफ्यात दिव्याखाली, मग कोमट पाणी. अडतीस ग्रॅम. दोन दिवस नुसतं पाणी प्यायलं, नंतर पहिल्या डँडेलियनच्या पानाला भोक पाडलं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने आधी हात जोडले आणि मग विचारलं की दूध पण त्याच फ्रिजमधे ठेवता का गं तुम्ही. मी सांगितलं नाही गं आई, तो वेगळा आहे, तळघरातला. तिला अजून पूर्ण पटलेलं नाहीये. फोटो काढायचं काम एप्रिलमधे झालं, परत ग्राफ पेपर, परत पोट वर, झोका तिथेच आहे, डाग मात्र बराच फिका झालाय, खात्याला पाठवले आणि पोच आली. नवऱ्याने तळघरातल्या फ्रिजमधे बिअर भरून ठेवलीये, सप्टेंबरपर्यंत संपव म्हणून सांगितलंय कारण तेव्हापासून परत थर्मामीटर लावून चालवायचाय.